वाक्य पुरं होईपर्यंत

हेमंत आवटींचा आवाज परत आला, तेव्हा सांगली-मिरजेतल्या लोकांना घरचंच कुणी बरं होऊन आल्यासारखं वाटलं. कित्येक वर्षं या दोन गावांतला एकही मोठा कार्यक्रम आवटींच्या निवेदनाशिवाय झाला नव्हता. संगीत महोत्सव असो, नाट्यस्पर्धा असो, नाहीतर कुणाची एकसष्टी; आवटी माईक हातात घेऊन उभे राहिले की मागच्या रांगेतली कुजबुज आपोआप थांबायची. मग एका सकाळी दाढी करता करता त्यांच्या हातातलं मशीन गळून पडलं. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली होती. तिने उजवा हात नेला आणि वाचा नेली. हात काही महिन्यांत पुष्कळसा परत आला. वाचा आली नाही.

ती आणून दिली 'सेतू'ने.

सेतू तोवर फारसा नवलाईचा राहिला नव्हता. कवटीखाली, मेंदूच्या पृष्ठभागावर, नखाएवढी एक विरळ जाळी बसवायची. माणूस बोलायचं मनात आणतो तेव्हा ओठ, जीभ आणि घसा यांना हुकूम सोडणाऱ्या पेशींमध्ये खळबळ होते, ती ही जाळी टिपते. गळ्यात अडकवलेल्या एका छोट्या पेटीत त्या खळबळीचा अर्थ लावला जातो आणि शब्द बाहेर पडतात. ज्यांचं शरीर लुळं पडलंय पण भाषा शाबूत आहे, त्यांच्यासाठी हे काम सोपं होतं. आवटींसारख्यांचं तसं नव्हतं. त्यांना ऐकलेलं सगळं कळायचं, आपल्याला काय म्हणायचंय तेही ठाऊक असायचं, पण शब्दाला शब्द जोडणारा मेंदूतला भागच मोडला होता. जाळीच्या हाती लागायचे ते तुकडे. एखादं नाव, अर्धं क्रियापद.

उरलेलं वाक्य पेटी स्वतः भरून काढायची. त्याला 'पूरण' म्हणत. माणसाची जुनी भाषणं, फोनवरचे निरोप, घरातली बोलणी आधी पेटीला ऐकवलेली असत. तुकडा मिळाला की, हा माणूस एरवी यापुढे काय म्हणाला असता, हे ती अंदाजाने ठरवायची आणि त्याच्याच आवाजात म्हणायची. आवटींची रेकॉर्डिंग तर गावभर पसरलेली होती. त्यामुळे त्यांची पेटी जितकी अस्खलित बोले, तितकी दुसऱ्या कुणाचीच बोलत नसे. सेतू लावून त्यांनी महोत्सवाचं निवेदन केलं तेव्हा अख्खं सभागृह उभं राहिलं होतं.

तस्नीम मुजावर मिरजेच्या एका पुनर्वसन केंद्रात समुपदेशक होती. सेतू बसवलेल्या प्रत्येकाने तिच्याकडे काही वेळा येऊन बसायचं, असा केंद्राचा नियम होता. ती ज्या पद्धतीत तयार झाली होती, तिच्यात सल्ला देत नाहीत. माणसाला स्वतःची वाट स्वतःला सापडते, यावर या पद्धतीचा भरवसा. समुपदेशकाने समोरच्याचं जग त्याच्या जागेवरून पाहायचं, तो जसा आहे तसा अट न घालता मानायचा, आणि स्वतः त्याच्याशी खोटं वागायचं नाही. सांगायला सोपं. तस्नीमला इतक्या वर्षांनंतरही ते रोज नव्याने अवघड जायचं.

आवटी पहिल्यांदा आले ते बायकोबरोबर. रोहिणीताई नीटनेटक्या, हसतमुख बाई होत्या. नवऱ्याच्या कॉलरची घडी सारखी करून त्या शेजारी बसल्या.

"मॅडम, आयुष्यभर मी लोकांची ओळख करून दिली," आवटींच्या गळ्यातून तो प्रसिद्ध आवाज आला. "आज माझी करून घ्यायची वेळ तुमच्यावर आली. सावकाश घ्या, सभागृह आपलंच आहे."

रोहिणीताई खळखळून हसल्या. तस्नीमही हसली. पण तिचं लक्ष आवटींच्या तोंडाकडे गेलं. ओठ मिटलेले होते आणि डोळे तिच्या टेबलाच्या कडेवर खिळलेले. तो तास असाच गेला, पुढचाही. आवाज किस्से सांगायचा, तस्नीम त्यातला भाव हेरून परत त्यांच्यापुढे ठेवायची, आवाज त्यावर दुसरा किस्सा सांगायचा. घरी जाताना तिला आपण बसस्टँडवरच्या घोषणेशी गप्पा मारून आल्यासारखं वाटे.

तिसऱ्या वेळी रोहिणीताई औषधं आणायला बाहेर गेल्या होत्या. विषय निघाला मुलीचा. मृण्मयी, म्हणजे घरातली मनू, पुराच्या पाण्याचा अभ्यास करायची. कृष्णेचा पूर लहानपणी दारात पाहिलेली पोरगी. आता नेदरलँड्समधल्या एका संस्थेने तिला काही वर्षांसाठी बोलावलं होतं आणि ती हो-नाही करत होती.

"तिला मी सांगून टाकलंय," आवाज म्हणाला. "जा, बिनधास्त जा. बापाची काळजी करत बसणारी मुलगी मला नकोच."

हे चालू असताना आवटींचा डावा हात मांडीवरच्या कापडात रुतला होता. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

तस्नीमने आवाजाला उत्तर द्यायचं सोडून दिलं. "सर," ती म्हणाली, "आवाज म्हणतोय बिनधास्त जा. पण तुमची मूठ आवळलीय. मला तीच जास्त ऐकू येतेय."

आवटींनी मान वर केली. तीन भेटींत पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, गळ्याची शीर ताणली, आणि घोगरा, फाटका, अगदी वेगळाच आवाज बाहेर आला: "ना..."

त्याच क्षणी पेटी खणखणली. "नाही म्हणजे काय, आलोच म्हणून समजा!"

आमंत्रण द्यायला येणाऱ्यांना आवटी पूर्वी हेच उत्तर द्यायचे. सगळ्या गावाला ते पाठ होतं. आवटींनी डोळे मिटले. मिटलेल्या पापण्यांखालून पाणी गालावर आलं, आणि पेटी त्यावर काहीच बोलली नाही, कारण रडण्यात शब्दाचा तुकडा नव्हता.

तस्नीम दुपारी डॉ. उज्ज्वला पाटणेंकडे गेली. आवटींचा सेतू त्यांनीच बसवला होता. पाटणेंनी काही लपवलं नाही. पेटीने वाक्य चुकीचं भरलं तर रुग्णाने डोळे दोनदा घट्ट मिटून ते खोडायचं असतं, त्यांनी सांगितलं. पण आवटींसारख्याला ते सुचेपर्यंत पुढची दोन वाक्यं निघून गेलेली असतात. खोडलं नाही की पेटी धरून चालते, आपलं बरोबर होतं. मग ती स्वतःच्याच वाक्यांवरून शिकत जाते. माणूस बदलतो, पेटी मात्र जुन्या माणसाला अधिकाधिक पक्का करत नेते.

"मग पूरण कमी का नाही करत?" तस्नीमने विचारलं.

"केलं तर तीन-चार तुकडे ऐकू येतात, तेही धडपडत," पाटणे म्हणाल्या. "तस्नीम, घरच्यांना माणूस परत हवा असतो. तुकडे घेऊन कुणी घरी जात नाही." थोड्या वेळाने त्यांनी कबूल केलं की सेतू आल्यापासून तोंडाने बोलायचे व्यायामही केंद्रात बंदच पडले होते. कुणी मागतच नव्हतं.

पुढच्या भेटीला तस्नीमने आवटींना एवढंच सांगितलं, की पेटी काढून बसायचं असलं तर या खोलीत बसता येईल. काढली तरी चालेल, नाही काढली तरी चालेल. आपण दोन्ही वेळा इथेच असू.

आवटींनी डाव्या हाताने पेटीची दोरी डोक्यावरून काढली. ती टेबलाच्या पार टोकाला सरकवली. मग ते बसून राहिले.

शांतता लांबत गेली. बाहेर कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत गेलं. आवटींच्या ओठांवर एखादा शब्द यायचा आणि विरून जायचा, आणि प्रत्येक वेळी तस्नीमच्या जिभेवर तीन शब्द तयार असायचे. ते गिळणं हेच तिचं काम होतं.

"मी," आवटी म्हणाले. बऱ्याच वेळाने, "तो." आणि मग कपाळावर घाम आल्यावर, "नाही."

"मी. तो. नाही," तस्नीमने त्यांचेच शब्द त्यांच्याच क्रमाने परत दिले. आवटींनी इतक्या जोरात मान हलवली की खुर्ची करकरली.

त्यानंतरचे तास असेच गेले. एका तासात कधी पाच शब्द, कधी दोन. पण त्या शब्दांमधून तस्नीमला एक माणूस हळूहळू दिसू लागला, ज्याला गावातल्या कुणीच पाहिलं नव्हतं. हा माणूस गर्दीला घाबरायचा. त्याला स्टेज नको होतं. रात्री झोपेत पुन्हा काही होईल अशी त्याला धास्ती होती. आणि हे सगळं आजाराने झालं असावं असंही तिला वाटेना. लहानपणापासून हसतमुख आवटी लोकांना हवे होते, म्हणून ते हसतमुख राहिले; भित्रे आवटी कुणाला चालले असते का, हे विचारून पाहायची त्यांची कधी छातीच झाली नव्हती. आता पेटी तेच काम त्यांच्या वतीने करत होती.

एका भेटीत त्यांनी दोन शब्द जुळवले. "मनू. थांब."

तस्नीमच्या आत काहीतरी चटकन तापलं. तिचीही एकदा बंगळुरूला पुढच्या शिक्षणासाठी निवड झाली होती. अम्मी आजारी पडली, अब्बांनी तोंडाने काही म्हटलं नाही, नुसतं तिच्याकडे पाहिलं, आणि ती मिरजेतच राहिली. पण चेहरा सांभाळून ती म्हणाली, "मनूने जाऊ नये, असं तुम्हाला वाटतंय."

आवटी तिच्याकडे बघत राहिले. ज्यांचे शब्द जातात, त्यांना चेहरे फार नीट वाचता येतात. शब्दांची भूल त्यांना पडत नाही. त्यांनी बोट तिच्याकडे केलं. "राग."

नाही म्हणणं सोपं होतं. पण या खोलीत त्यांच्याशी खोटं बोलणारी एक पेटी आधीच टेबलावर पडली होती.

"हो," तस्नीम म्हणाली. "राग आला. मलाही एकदा घरासाठी थांबावं लागलं होतं. तुमचं ऐकताना ते मध्ये आलं. तो राग माझा आहे, तुमचा नाही. पण आला खरा."

आवटींचे खांदे सैल पडले. ते हसले, त्या प्रसिद्ध आवाजात नाही, घशातल्या घशात, कोरडं. "खरं," ते म्हणाले, आणि टेबलावर हलकेच थाप मारली. त्या दिवसापासून ते घरीही पेटी काढून ठेवायला लागले.

आठवडाभरात रोहिणीताई एकट्याच आल्या. उभ्यानेच बोलल्या.

"तुम्ही ह्यांना मुकं करताय, मॅडम. पेटी असली की हे सकाळी चहाला हाक मारतात, शेजाऱ्यांची थट्टा करतात, फोन घेतात. काढली की भिंतीसारखे बसून राहतात. मी त्या आवाजाशी संसार केलाय. तो मोडायचा तुम्हाला काय अधिकार?"

तस्नीमने आपली बाजू मांडली नाही. परका माणूस घरात येऊन बसल्यासारखं त्यांना वाटतंय, तेवढं तिने बोलून दाखवलं. रोहिणीताईंचे डोळे भरले, पण त्या थांबल्या नाहीत. यापुढे ह्यांना आणणार नाही, असं सांगून निघून गेल्या.

दोन भेटी चुकल्या. तस्नीमला आपण हद्द ओलांडली का, या विचाराने घेरलं. तिसऱ्या वेळेला दार उघडलं आणि तिघंही आत आले. मृण्मयी पुढे होती. बापासारखंच रुंद कपाळ, केस घट्ट बांधलेले. तिने सांगितलं की दोन्ही आठवडे ठरल्या वाराला पप्पा सकाळी चपला घालून दाराशी उभे राहायचे आणि कुणी आणायला तयार नसलं तरी हलायचे नाहीत. शेवटी आईची समजूत काढून तिनेच सगळ्यांना गाडीत घातलं. रोहिणीताईंची एकच अट होती, पेटी गळ्यात असली पाहिजे. ती होती.

"मी तारीख कळवून टाकलीय," मृण्मयी म्हणाली. "पुढच्या आठवड्यात निघणार. पण निघण्याआधी पप्पा इथे काय बोलतात ते मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय. त्यांची हरकत नसेल तर."

इथे बोललेलं आपण बाहेर सांगत नाही, सांगायचं का ते सर ठरवतील, असं तस्नीम म्हणाली. सगळ्यांनी आवटींकडे पाहिलं.

"मनू," आवाज उमलला, "आनंदाने जा. विमान ढगांच्या वर गेलं की खाली बघायचं नाही. आपल्या घराण्यात खाली बघायची..."

आवटींनी दोरी डोक्यावरून काढली आणि पेटी रोहिणीताईंच्या मांडीवर ठेवली. वाक्य तिथेच तुटलं.

आवटी मुलीकडे बघत ओठ हलवत होते. गळ्याची शीर पुन्हा ताणली.

"मनू... जा."

रोहिणीताईंनी सुस्कारा सोडला. "बघ, जाच म्हणतायत. मी सांगतच होते, पेटीसकट काय नि पेटीशिवाय काय..."

तस्नीमलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. त्यांचं मन बदललं असेल. तिला बरंही वाटलं, आणि बरं वाटल्याचं तिला कळलं. पण आवटींचं तोंड अजून उघडंच होतं.

"रोहिणीताई," ती हळूच म्हणाली, "त्यांचं व्हायचंय अजून."

आवटींनी डाव्या हाताने खुर्चीचा दांडा धरला. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"...ऊ," ते म्हणाले. "नको."

रोहिणीताईंचा हात मांडीवरच्या पेटीवर गेला आणि तिथेच राहिला. इतके महिने पेटीला बहुधा एवढाच तुकडा मिळत होता, पहिलं अक्षर. आणि पुढचं ती मनाने भरत होती.

तस्नीमला वाटलं, मृण्मयी आता चिडेल, किंवा तिकीट रद्द करते म्हणेल. त्यांतलं काहीच झालं नाही.

"पप्पा," ती म्हणाली, "हे तुम्ही मला कधीच म्हणाला नव्हता. मी पहिल्यांदा होस्टेलला गेले, तेव्हाही तुम्ही स्टँडवर विनोद करत होता. सगळी बस हसत होती. मला वाटायचं, मी असले काय नि नसले काय, तुमचा कार्यक्रम चालूच असतो."

"भीती," आवटी म्हणाले.

"मला पण आहे." तिने त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावरून सोडवून आपल्या हातात घेतला. "पण मी जाणार आहे, पप्पा. तुम्ही नको म्हणालात, तरी जाणार. चालेल?"

आवटींनी मान नकारार्थी हलवली. चालणार नव्हतं. मग तीच मान सावकाश खाली-वर झाली. दोन्ही खरं होतं, आणि मुलीने दोन्ही पाहिलं. बापलेक तसेच हातात हात घेऊन रडत राहिले. रोहिणीताई खिडकीबाहेर बघत होत्या.

मृण्मयी गेली. विमानतळावर आवटींनी पेटी नेली नाही आणि विनोद केला नाही, असं तिने तस्नीमला कळवलं. पुढे आवटींच्या मागणीवरून डॉ. पाटणेंनी पूरण जवळजवळ बंद केलं. आता पेटी मिळेल तेवढाच तुकडा बोलायची, आणि तीही ते फक्त बाजारात जाताना घालायचे. केंद्रात तोंडाने बोलायचे व्यायाम पुन्हा सुरू झाले, तेव्हा पहिलं नाव त्यांचं होतं. गावात मात्र बातमी उलटी पसरली. आवटींची तब्येत पुन्हा ढासळली, आता काही ते बोलत नाहीत, असं लोक हळहळून म्हणायचे. आमंत्रणं बंद झाली.

काही महिन्यांनी एका दुपारी आवटींच्या वेळेला दार उघडलं आणि रोहिणीताई आत आल्या. मागे कुणी नव्हतं.

"आज मीच आलेय," त्या म्हणाल्या. "चालेल ना?"

त्या नवऱ्याच्या खुर्चीत बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. घरात आता फार शांत असतं, म्हणाल्या. पूर्वी सगळं बोलणं हेच करायचे. मला काय वाटतं तेही हेच सांगून टाकायचे, पाहुण्यांना, मुलीला, मला. आता हे गप्प बसतात आणि माझ्याकडे बघतात. माझी पाळी आहे असं बघतात. आणि मला काय बोलायचं तेच सुचत नाही.

तस्नीम ऐकत राहिली.

"तो आवाज मला फार आवडायचा," रोहिणीताई म्हणाल्या. "अजून आवडतो. जुनी रेकॉर्डिंग लावून ऐकते कधीकधी. पण एक सांगू? हसू नका." त्या थांबल्या. चेहरा लाल झाला. "ह्यांच्या कार्यक्रमांचा मला कंटाळा यायचा. प्रचंड कंटाळा. पहिल्या रांगेत बसून हसत राहायचं, तेच विनोद, तीच शेवटची कविता. वर्षानुवर्षं. कुणाला सांगणार?"

"आज सांगावंसं वाटलं," तस्नीम म्हणाली.

"आज नाही. काल रात्री जेवताना ह्यांनाच सांगून टाकलं. तोंडातून निघून गेलं." त्यांनी पदर सोडून दिला. "मला वाटलं, आता काय होतंय. ह्यांनी घास खाली ठेवला. किती वेळ तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवत होते. मी मध्ये बोलले नाही, मॅडम. अजिबात बोलले नाही."

"मग?"

रोहिणीताईंच्या ओठांच्या कडा थरथरल्या, आणि त्या हसतायत की रडतायत हे तस्नीमला कळेना.

"मग म्हणाले, 'मला... पण.'"